आतली शेगडी झोकात, बाहेरचं ग्रिल मिणमिणतं: मोटरहोमच्या गॅसवर बाहेरची उपकरणं का रुसतात

तक्रार जवळपास नेहमी याच साच्यातली असते. मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, आतल्या शेगडीची ज्योत निळी आणि ताठ. गाडीच्या कुशीला दिलेल्या गॅसच्या जोडाला नळी लावली, दुसरं टोक बाहेरच्या ग्रिलला लावलं, नॉब पूर्ण सोडला, तर ज्योत निरांजनाएवढी. भांडं ठेवलं तर पाणी कोमट होऊन तिथेच बसतं. तेच ग्रिल हातात मावणाऱ्या छोट्या सिलिंडरवर लावलं की फुरफुरून पेटतं. मग माणूस नळी बदलतो, जोड बदलतो, टाकी काठोकाठ भरून घेतो (ती तशीही ८० टक्क्यांपलीकडे भरत नाहीत), आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा तीच मिणमिण.

या भानगडीत माझे स्वतःचे दोन हंगाम गेले, म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी एकच प्रश्न करतो: टाकीपासून बर्नरपर्यंत रेग्युलेटर किती आहेत, मोजलेत का? बहुतेकांनी मोजलेले नसतात. मीही मोजले नव्हते.

आधी दाबाचं गणित

टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. त्या वाफेचा दाब टाकी किती भरली आहे यावर नाही, तर द्रव किती गरम आहे यावर ठरतो. २१ अंश सेल्सिअसला तो साधारण ११० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे दाबाचं माप) असतो, ३८ अंशांना १७० च्या आसपास, आणि उणे १८ ला जेमतेम २४. म्हणजे 'टाकी भरली की दाब वाढेल' हा समज पहिल्याच फटक्यात बाद.

अमेरिकी धाटणीच्या मोटरहोममध्ये टाकीच्या व्हॉल्व्हला लागूनच दोन टप्प्यांचा रेग्युलेटर असतो. पहिला टप्पा टाकीचा दाब साधारण १० पीएसआयवर आणतो, दुसरा तो थेट ११ इंच पाण्याच्या उंचीइतका करतो. पाण्याचे २७.७ इंच म्हणजे १ पीएसआय. म्हणजे गाडीतल्या नळ्यांमधून फिरणारा गॅस अर्ध्या पीएसआयहूनही कमी दाबाचा असतो. एवढ्या दाबाची नळी अंगठ्याने सहज दाबून धरता येईल. (धरू नका.) आतली शेगडी, हीटर, फ्रीज, पाणी तापवायचा गीझर, सगळ्यांचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक छिद्रं) याच ११ इंचांसाठी पाडलेले असतात.

आणि कुशीचा तो जोड, ज्याला सगळे क्विक-कनेक्ट म्हणतात, तो या रेग्युलेटरच्या पुढच्या बाजूला असतो. तिथून मिळतो तो आधीच उतरवलेला, कमी दाबाचा गॅस.

आता बाहेरचं ग्रिल बघा. बाजारात मिळणारं लहान ग्रिल बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की ते एक पौंडी सिलिंडरवर चालणार. त्या सिलिंडरमध्ये टाकीसारखाच पूर्ण दाब असतो, म्हणून ग्रिलच्या तोंडाशी त्याचा स्वतःचा रेग्युलेटर बसवलेला असतो. त्याच्या आतलं छिद्र अगदी बारीक, कारण मागून शंभरेक पीएसआय रेटत असताना सुईएवढ्या वाटेनेही भरपूर गॅस येतो. पण मागचा रेटाच अर्ध्या पीएसआयहून कमी असेल, तर त्याच सुईच्या वाटेने थेंबथेंब येणार. एक रेग्युलेटर गाडीचा, दुसरा ग्रिलचा, दोन्ही एकामागे एक. ज्योत मिणमिणते ती इथे. गॅस कमी नाही, नळी बिघडलेली नाही, कुणीही खराब नाही. दोघेही आपापलं काम चोख करतायत, आणि म्हणूनच घोळ होतोय.

आटे बसले म्हणजे काम झालं असं नाही

मला फसवलं ते एका नळीने. तिच्या एका टोकाला क्विक-कनेक्टचा पितळी प्लग, आणि दुसऱ्या टोकाला एक पौंडी सिलिंडरच्या तोंडासारखे एक इंची आटे. ग्रिलचा रेग्युलेटर त्या आट्यांवर असा गुण्यागोविंदाने बसला की मला वाटलं, झालं, यासाठीच ही नळी बनवली आहे. सगळं घट्ट, साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही, आणि ज्योत मात्र आजारी. पहिल्या हंगामात मी त्या नळीला दोष दिला, दुसऱ्या हंगामात रेग्युलेटरला. नवा रेग्युलेटरही लावून पाहिला. आजार तोच, कारण मी एका अनावश्यक रेग्युलेटरच्या जागी दुसरा अनावश्यक रेग्युलेटर बसवला होता.

गॅसच्या जोडांमध्ये आट्यांची मापं मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असतात, ती चुकीची जोडणी होऊच नये म्हणून. आपण अडॅप्टर आणतो आणि ती सगळी काळजी दोन मिनिटांत मोडून काढतो. अडॅप्टर हातात घेतला की आधी विचारावं: याच्या या बाजूला किती दाब, आणि त्या बाजूचं उपकरण किती दाब मागतंय?

बर्नरला काय हवं ते पाटीवर लिहिलेलं असतं

ग्रिलच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला धातूची किंवा स्टिकरची पाटी असते. तिच्यावर मॅनिफोल्डचा दाब दिलेला असतो. हा आकडा म्हणजे रेग्युलेटरच्या पुढे, जेटपाशी, बर्नर मागतो तो दाब. इथून दोन वाटा फुटतात.

पाटीवर ११ इंच लिहिलं असेल तर सुटलात. बर्नर आणि मोटरहोम एकच भाषा बोलतायत, मधला दुभाषी काढून टाकला की झालं. ग्रिलचा स्वतःचा रेग्युलेटर उतरवायचा आणि क्विक-कनेक्टची नळी थेट ग्रिलच्या व्हॉल्व्हला लावायची. पुष्कळ ग्रिलांसाठी बनवणाऱ्याकडूनच असा कमी दाबाचा संच मिळतो, आणि मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण ग्रिलच्या बाजूचे आटे कोणते हे ओळखत बसावं लागत नाही. बहुतेक वेळा तिथे तीन-अष्टमांश इंची फ्लेअर (पसरट तोंडाचा पितळी जोड) असतो, पण 'बहुतेक वेळा' या शब्दांवर गॅसची जोडणी करू नये.

पाटीवर काही पीएसआय लिहिले असतील, तर गोष्ट वेगळी. प्रवासी शेगड्या, मोठ्या भांड्यांखालचे राक्षसी बर्नर, काही कंदील, यांचे जेट जास्त दाबासाठी पाडलेले असतात, म्हणजे अगदी बारीक. अशा शेगडीचा रेग्युलेटर काढून ती क्विक-कनेक्टला लावली तरी ती पेटून उठणार नाही. जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. समजा बर्नर १० पीएसआयसाठी बनवलाय, म्हणजे २७७ इंचांसाठी. त्याला ११ इंच दिले तर दाब पंचविसाव्या हिश्शावर आला, आणि गॅस ढोबळमानाने पाचव्या हिश्शावर. पाच भागांतला एक भाग आगीत चहा होत नाही. जेट ड्रिलने मोठं करायचा मोह इथे पुष्कळांना होतो. करू नका. जेटबरोबर हवा ओढून घेणारं तोंडही त्याच मापाचं असतं. एकच बदललं की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते.

तिसरा एक प्रकार फार छळतो: ज्या ग्रिलचा रेग्युलेटर आणि नॉबचा व्हॉल्व्ह एकाच ओतीव तुकड्यात आहेत. तिथे रेग्युलेटर वेगळा काढताच येत नाही. काहीजण तो फोडून आतला पडदा आणि स्प्रिंग काढतात. त्यांना माझा दुरून नमस्कार.

ज्यांचा रेग्युलेटर काढता येत नाही किंवा ज्यांना जास्त दाबच हवा, त्यांच्यासाठी

अशा उपकरणांना गॅस द्यायचा तर तो गाडीच्या रेग्युलेटरच्या आधीचा, म्हणजे टाकीच्या पूर्ण दाबाचा द्यायचा, आणि दाब उतरवायचं काम त्यांच्याच रेग्युलेटरवर सोडायचं. त्यासाठी टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह आणि गाडीचा रेग्युलेटर यांच्या मध्ये एक पितळी टी (फाटा फुटणारा जोड) बसवतात. त्या टीला बाहेरच्या उपकरणासाठी एक पौंडी सिलिंडरसारखं तोंड असतं, आणि बहुतेक संचांत बाहेरून वेगळा सिलिंडर जोडायचीही सोय असते. मोटरहोमची टाकी गाडीच्या सांगाड्याला कायमची बसवलेली असल्यामुळे भरायला गाडीच न्यावी लागते. महिनाभर एका जागी मुक्काम असेल तर ती दुसरी सोय सोन्याची ठरते.

हे काम मी गॅसचं काम करणाऱ्या माणसाकडून करून घेतलं, आणि तुम्हीही तेच करावं असं माझं मत आहे. हात मला चालतात, पण टाकीच्या व्हॉल्व्हवरचे जुने आटे उलटे असतात (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतात), तिथे शंभरावर पीएसआय उभे असतात, आणि काम झाल्यावर सगळ्या गाडीची गळतीची चाचणी पुन्हा करावी लागते. नळी जास्त दाबाची लागते. गॅसच्या अशा नळीवर ३५० पीएसआय छापलेलं असतं. माझ्या गाडीत दोन्ही नळ्या एकाच खणात राहतात, म्हणून जास्त दाबाच्या नळीच्या दोन्ही टोकांना मी लाल टेप गुंडाळली आहे.

या लाल टेपेमागे एक घाम फोडणारी दुपार आहे. माझं ग्रिल तोवर रेग्युलेटर काढून कमी दाबावर चालत होतं, आणि सुरेख चालत होतं. मी पाणी भरायला गेलो होतो. पाहुणे आलेल्या भाच्याने मदत म्हणून ग्रिल मांडलं, आणि खणातून सापडली ती नळी काढली, जास्त दाबाची. माझ्याच एका जुन्या अडॅप्टरने ती ग्रिलला बसलीसुद्धा. मी परत आलो तेव्हा तो टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला गाडीच्या त्या बाजूला वाकला होता. "मामा, हा कुठल्या बाजूला फिरवायचा?" एवढंच त्याने विचारलं आणि मी हातातली बादली टाकली. ११ इंचांसाठीच्या उघड्या जेटवर टाकीचे ११० पीएसआय, म्हणजे ३,००० इंचांहून जास्त. ग्रिलच्या नॉबचा व्हॉल्व्ह तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. पेटवणाऱ्याच्या तोंडासमोर भडका उडाला असता. तो अडॅप्टर त्याच दिवशी वाकवून कचऱ्यात गेला, आणि ग्रिलला पत्र्याची पाटी बांधली: 'रेग्युलेटर काढलेला आहे. सिलिंडरला लावू नये.'

उलट दिशेचा एक प्रकारही ऐकू येतो. टाकी संपली की बाहेरचा सिलिंडर कुशीच्या क्विक-कनेक्टमधून आत सोडायचा. सिलिंडरला स्वतःचा ११ इंची रेग्युलेटर नसेल तर हा पूर्ण दाब थेट आतल्या फ्रीज, हीटर आणि शेगडीच्या व्हॉल्व्हवर जातो, तोही बंद गाडीच्या आत. बाहेरचा सिलिंडर जोडायचाच असेल तर त्याची जागा वर सांगितलेली टी. तो गॅस गाडीच्या रेग्युलेटरमधून गाळूनच आत यायला हवा.

मोजणी बरोबर, तरी ज्योत मंद

आता रेग्युलेटर एकच उरला आणि तरीही ग्रिल रडतंय. इथे सगळ्यात आधी तुमचा हात तपासा: तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह कसा उघडता? टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये, आणि बाहेरच्या सिलिंडरच्या त्या मोठ्या प्लास्टिकच्या चाकवाल्या जोडातही, अतिप्रवाह रोखणारी एक झडप असते. नळी तुटली तर गॅस भसाभस बाहेर पडू नये म्हणून ती मिटते. व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडला आणि पुढचा एखादा नॉब आधीच उघडा असेल, तर तिला वाटतं नळीच तुटली. ती मिटते आणि जेमतेम धार सोडत राहते. माणूस म्हणतो टाकी संपली. उपाय फुकटचा आहे: सगळे नॉब बंद, टाकी बंद, ग्रिलच्या बाजूने जोड सोडवून दाब जाऊ द्या, दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा जोडून टाकी हळूहळू उघडा. हळू म्हणजे खरंच हळू, पाव फेरा, थांबा, मग पुढे. मग काही क्षणांनी नॉब.

क्विक-कनेक्टचा प्लग पूर्ण आत गेलाय का तेही बघा. चांगल्या जोडात बाहेरची कडी मागे ओढून प्लग ढकलला की टिक् असा आवाज येतो, आणि त्यानंतरच व्हॉल्व्हची मूठ फिरते. मूठ उघडी असेपर्यंत प्लग निघत नाही. मूठ अर्धवट फिरली असेल तर गॅस अर्धाच येतो. धुळीने ती कडी जड होते. हवेच्या कॉम्प्रेसरचे जोड दिसायला अगदी भावंडासारखे असतात, पण त्यांची वायसरं गॅससाठी नसतात. तिथे काटकसर नको.

नळीची जाडी लोक मनावर घेत नाहीत. कमी दाबाच्या गॅसला हाताशी धरायला फक्त ११ इंच असतात, त्यातला एखादा इंच नळीतच घासून गेला तरी ज्योतीला कळतं. लांबी दुप्पट केली तर घट दुप्पट. पण आतला व्यास पाव इंचाऐवजी तीन-अष्टमांश इंच घेतला, तर त्याच गॅससाठी, त्याच लांबीत घट साधारण सातव्या हिश्शावर येते, कारण व्यासाचा पाचवा घात मध्ये येतो. म्हणून लांब, बारीक नळी गुंडाळून फिरवण्यापेक्षा ग्रिल जवळ आणा, किंवा जाड नळी घ्या. फार जवळही नको. ते खाली येतंच.

बाहेर शेकोटीचं कुंड लावणाऱ्यांनी तर आकडा वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये. टेबलावरचं ग्रिल तासाला १०,००० ते १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप) घेतं. कुंडं ५८,००० बीटीयूपर्यंतची सर्रास मिळतात. एक पौंड प्रोपेनमध्ये साधारण २१,६०० बीटीयू असतात, म्हणजे असं कुंड तासाला सव्वा किलोच्या आसपास गॅस पिणार, आणि तोही पाव इंची जोडातून, कमी दाबाने. त्यात रात्री आतला हीटर सुरू झाला की कुंडाची ज्योत एकदम खाली बसते, हीटर थांबला की वर येते. ही तक्रार 'मधूनच कमी होते' या नावाने येते, आणि लोक कुंडाला दोष देतात. हीटरचा थर्मोस्टॅट खाली करून बघा, लगेच कळेल. अशा कुंडाला टाकीवरच्या टीचा मार्ग किंवा त्याचा स्वतःचा सिलिंडर, दोन्हीतलं काहीही क्विक-कनेक्टपेक्षा बरं.

थंडीत आणखी एक. गॅस ओढला की द्रवाची वाफ होते आणि त्यात द्रव स्वतः गार पडतो; दाब त्याच्या तापमानावर, म्हणून तोही पडतो. टाकी भरलेली असेल तर तिच्या ओल्या भिंतीचं क्षेत्र मोठं, बाहेरची उष्णता आत शिरते. तळाशी आलेली टाकी मात्र दमते, बाहेरून तिच्यावर दवाची किंवा हिमाची रेघ दिसते. ती रेघ म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. तेव्हा मोठं उपकरण बंद करून तिला दम खाऊ द्या. टाकीला कसल्याही आगीने शेकू नका, हे सांगायला लागू नये, पण मी एकाला हेअर ड्रायर घेऊन बसलेला पाहिलाय.

ज्योत कमी नाही, पण पिवळी आणि लोळणारी असेल तर दाब सोडा, बर्नरची नळी बघा. कोळी तिथे घर करतात. जेटच्या पुढे जिथून हवा आत ओढली जाते तिथे पातळसं जाळं असलं तरी हवा अडते, आणि कधी ज्योत नळीतून मागे फिरून नॉबपाशी पेटते. बारीक बाटलीचा ब्रश आत फिरवला की काम होतं. जेटमध्ये मात्र तार घालू नका. ते स्पिरिटमध्ये बुडवून फुंकून घ्या. रबरी नळ्यांतून सुटणारा तेलकट चिकटा कधी जेटवर, कधी रेग्युलेटरमध्ये साचतो. नळी सोडवून एका टोकाने उलटी टांगली आणि खालच्या कागदावर पिवळट तेलाचा डाग पडला तर नळीच बदला.

अंदाज नको, पाणी लावून बघा

दाबाचा डिजिटल मीटर चांगलाच, पण पाण्याचा मॅनोमीटर घरी होतो आणि खोटं बोलत नाही. मी केलेला असा: एक फळी, तिच्यावर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली पारदर्शक नळी, दोन्ही हात ४० सेंटिमीटर उंच, मध्ये मोजपट्टी. नळीत निम्म्यापर्यंत रंगीत पाणी. एक तोंड हवेला उघडं, दुसरं ग्रिलकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या नळीला, टी जोडून. फक्त कमी दाबाच्या बाजूला! जास्त दाबाला लावलं तर पाणी आणि गॅस दोन्ही अंगावर.

टाकी हळू उघडली की एका हातात पाणी खाली जातं, दुसऱ्यात वर चढतं. दोन पातळ्यांमधलं अंतर मोजायचं: ११ इंच म्हणजे २८ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक हातात पाणी १४ सेंटिमीटरच सरकेल. पहिल्यांदा करताना मी एकाच हातातली चढ मोजली, साडेपाच इंच आले, आणि निष्पाप रेग्युलेटर काढून टाकायच्या बेतात होतो.

मोजायचं ते गाडीतली निम्मी उपकरणं चालू असताना. तेव्हा ११ च्या आसपास हवं. सगळं बंद केल्यावर दाब थोडा चढतो आणि थांबतो. १४ इंचांच्या वर चढत राहिला तर रेग्युलेटर मिटत नाही, तो बदला. आता ग्रिल पेटवा. गाडीच्या शेगडीपाशी ११ आणि ग्रिलपाशी ७-८ दिसले तर चोर मधल्या नळीत किंवा जोडात आहे. दोन्हीकडे एकदम पडले तर रेग्युलेटर किंवा टाकीकडे बघा. एवढ्या एका मापाने निम्मे तर्क गळून पडतात.

याच फळीवर गळतीही कळते. टाकी बंद करा, एखादा बर्नर क्षणभर उघडून पाणी ८ इंचांवर आणा, सगळं मिटवा आणि ३ मिनिटं नुसतं बघत बसा. उतरलं तर कुठेतरी गळती. चढलं तर टाकीचा व्हॉल्व्हच नीट मिटत नाही. ८ इंचांवर आणायचं कारण हे की ११ च्या वर असताना मिटलेला रेग्युलेटर मागची ही गळती लपवतो. मग जोडांवर साबणाचं पाणी, ब्रशने, सावकाश. बुडबुडा फुगायला दहा-पंधरा सेकंद लागतात, घाई करणाऱ्याला तो दिसत नाही. काडी पेटवून गळती शोधणारे अजून भेटतात.

टेफ्लॉन टेप कुठे लावायची यावर नेहमी वाद होतो. निमुळत्या पाइपच्या आट्यांवर गॅससाठीची टेप किंवा पेस्ट. फ्लेअरच्या जोडावर काहीही नाही, तिथे पितळ पितळावर दाबूनच बंद होतं, टेप लावली तर तिथूनच गळेल. फ्लेअर फारही आवळू नका, तोंडाला चीर जाते.

कुठे मांडायचं

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखा सरकतो आणि खळग्यात साठतो. म्हणून ग्रिल उताराच्या वरच्या अंगाला आणि गाडी खाली असं मांडू नका. गाडीच्या कापडी छताखाली नाही, खिडकीखाली नाही, फ्रीजच्या बाहेरच्या जाळीसमोर तर नाहीच: फ्रीज गॅसवर चालत असेल तर तिथे आत ज्योत असते आणि तीच हवा ओढते. सपाट जागा, गाडीपासून दोन-तीन पावलं तरी दूर, नळीवर पाय पडणार नाही अशी. आणि ती दोन-तीन पावलं जाड नळीने.

युरोपी धाटणीच्या गाड्यांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे आतला दाब आता ३० मिलीबार असतो, बाहेरच्या जोडालाही तोच. ११ इंच म्हणजे २७ मिलीबारच्या वर, म्हणून दोन्ही आकडे जवळचे वाटतात. पण ५० मिलीबारच्या जुन्या गाड्याही अजून रस्त्यावर आहेत, आणि ३० च्या ग्रिलला ५० देणं चुकीचंच. पाटी वाचा. शिवाय तिकडचा सिलिंडर ब्यूटेनचा असेल तर तो शून्य अंशांच्या आसपास उकळायचंच थांबवतो; मग कुठलाही रेग्युलेटर काढा, बदला, ज्योत येणार नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत साथ देतो.

माझी निघतानाची पद्धत: आधी टाकी बंद, मग नळीतला गॅस बर्नरवर जाळून संपवायचा, ज्योत स्वतःहून विझली की नॉब बंद, मग मूठ बंद, मग प्लग बाहेर, आणि क्विक-कनेक्टच्या दोन्ही तोंडांवर लगेच रबरी टोप्या. टोपी विसरलो तेव्हा एका मुक्कामात जोडात मुंग्यांनी माती भरली होती, आणि पुढचा अर्धा दिवस मी पुन्हा ज्योत मंद का म्हणून रेग्युलेटर मोजत बसलो होतो.